वीतभर पाटी

"तीन हजार," शेख मॅडम म्हणाल्या.

मी पिशवीत हात घातला. चार वर्षांत कोर्टाच्या व्हरांड्यात कोणी आकडा उच्चारला की माझा हात आपसूक पिशवीकडे जातो. कधी झेरॉक्स, कधी तिकीट, कधी वकीलपत्राचा शिक्का.

"आता एवढे नाईत मॅडम. पुढच्या पेशीले आणतो."

"देवरावभाऊ!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तुम्हाला द्यायचे नाहीत, तुम्हाला मिळणार आहेत. कंपनीकडून. दावा खारीज झाला. बिलकुल खारीज!"

मी तिथल्या बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारा डबा उघडून भाकरी खात होता, त्याने सरकून जागा दिली. मॅडम सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो. जज साहेबांनी निकालात लिहिलं की या दाव्याला मुळात कारणच नाही, हा माणूस नेमून दिलेलं काम करत होता, दावा निव्वळ छळण्यासाठी घातला आहे. म्हणून कंपनीला भुर्दंड.

"तीनच हजार?" मी विचारलं. लालूच म्हणून नाही, सहज विचारलं.

"कायद्यात अशा भुर्दंडाची हद्दच तेवढी आहे भाऊ. साहेब आज इतके तापले होते, हातात असतं तर जास्त दिले असते." मॅडम थोड्या थांबल्या. "आणि खुश होऊन गावभर पेढे नका वाटू. ते अपिलात जाऊ शकतात. गेले तर मनाई हुकूम पुन्हा मागतील."

"म्हणजे तोंड पुन्हा बंद?"

"मागू शकतात, एवढंच म्हणतेय. रंग द्यायचा तर द्या, तुमचा हक्क आहे. पण ती पाटी सोडा हां. पाटीला हात नका लावू."

पाटी! सगळं घोडं त्या पाटीपाशीच पेंड खात होतं.

मी आमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. नाव भारदस्त आहे, काम एवढंच की विहिरीत पावडर टाकायची, हातपंपाचं वायसर झिजलं की बदलायचं आणि दर हंगामात प्रत्येक पंपाचं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवायचं. बाटलीवर चिठ्ठी लावायची: ठिकाण, तारीख, खाली माझी सही. एकोणीस वर्षं हेच केलं. गोंडपिपरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचं दोनशे घरांचं गाव, त्याच्या वर कंपनीची दगडखाण. कंपनीचं नाव मी घेणार नाही. चार वर्षं दोन महिने घ्यायला मनाई होती, आता जिभेलाच तसं वळण पडलं आहे.

खालच्या टोल्यात, म्हणजे आमच्याच वस्तीत, एक हातपंप कंपनीने बसवून दिला होता. दानधर्म म्हणून. पंपाच्या डोक्यावर वीतभर निळी लोखंडी पाटी, तिच्यावर उठावाच्या पांढऱ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि 'सप्रेम भेट'. पाणी थंडगार, चवीला गोड, वास नाही काही नाही. चार वर्षांमागच्या उन्हाळ्यात त्याचा नमुना पाठवला तर सरकारी अहवाल आला: फ्लोराइड जास्त, पिण्यास अयोग्य. यात कंपनीचा काही दोष नव्हता बरं का. तो जमिनीच्या पोटातला दोष. तिथे कोणी सज्जनाने पंप टाकला असता तरी तेच पाणी लागलं असतं.

असा अहवाल आला की पंपाला लाल रंग द्यायचा. लाल पंपाचं पाणी भांडी-कपड्याला, प्यायला नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी रंगाचा डबा घेऊन गेलो आणि खालपासून वरपर्यंत पंप रंगवला. पाटीसकट. पाटी सोडावी हे डोक्यातच आलं नाही. मला अर्धवट काम बघवत नाही. दांडा रंगवायचा, तोटी रंगवायची आणि डोक्यावर वीतभर जागा उघडी ठेवायची, हे मिस्त्रीचं काम झालं का? त्या वेळी माझ्या मनात एवढाच विचार होता की रंग सारखा बसला पाहिजे.

कोणीतरी फोटो काढला. लाल पंप, लाल रंगाखालून उठून दिसणारं कंपनीचं नाव. नेमकी त्याच महिन्यात खाण वाढवण्यासाठी गावात सुनावणी होती. फोटो चामोर्शीपर्यंत फिरला. आणि पंधरा दिवसांनी माझ्या दारात बेलिफ उभा! कंपनीची बदनामी केली म्हणून पंचवीस लाखांचा दावा. पंचवीस लाख! मला, बायकोला आणि दारातल्या शेळीला तोलून विकलं असतं तरी त्यातले वरचे शून्य निघाले नसते.

त्यासोबत मनाई हुकूम. दाव्याचा निकाल लागेपर्यंत देवरावने त्या पंपाबद्दल, त्या पाण्याबद्दल, कंपनीबद्दल कुठे बोलायचं नाही, लिहायचं नाही, आणि पंप होता तसा करायचा. ग्रामपंचायतीने मलाच निळ्या रंगाचा डबा दिला. मी माझ्याच हाताने लाल रंगावर निळा रंग मारला आणि पाटी रॉकेलने घासून चकचकीत केली.

गाव काय समजलं माहीत आहे? कोर्टानं निळा करायला लावला, म्हणजे पाणी चांगलं आहे. कोर्टापेक्षा देवराव शहाणा आहे का? कंपनीने कुठल्याशा खाजगी ठिकाणाहून प्रमाणपत्र आणलं आणि पंचायतीत काचेत लावलं. पुन्हा नमुना घ्या म्हणून मी ग्रामसेवकाकडे गेलो, तर धनराज ग्रामसेवक म्हणाला, "न्यायप्रविष्ट आहे, देवरावभाऊ." पंचायत समितीत गेलो, तिथेही न्यायप्रविष्ट. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा देवळात गेल्यासारखं वाटलं होतं. नंतर कळलं की या देवळाला मागचं दार नसतं.

शेख मॅडम मला सरकारी मदतीतून मिळाल्या. कहकशाँ शेख. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण कागद हातात घेतला की समोरच्याला घाम फुटायचा. त्यांनी पाचव्या महिन्यातच अर्ज टाकला की या दाव्यात दम नाही, तो उंबरठ्यावरच फेटाळा आणि खोटा दावा घातल्याचा भुर्दंडही लावा. मला वाटलं, झालं, दिवाळी घरी. पण त्या अर्जावर कंपनीला आपलं म्हणणं द्यायचं होतं. म्हणणं द्यायला एक पेशी, मुदत मागायला दुसरी, त्यांचे मोठे वकील नागपूरहून येऊ शकले नाहीत म्हणून तिसरी. मी सकाळी सातच्या गाडीने चांद्याला, जिल्ह्याच्या कोर्टात, जायचो आणि दिवेलागणीला पुढची तारीख घेऊन परत यायचो. त्यांचं घाईवाचून काय अडलं होतं? दावा जिंकायचाच नव्हता, नुसता चालवायचा होता.

बरं, तोंड बंद म्हणजे किती बंद? आमच्याच गल्लीत मुखरू राहतो, कंपनीचा चौकीदार. वाईट माणूस नाही, पण त्याला मोबाईल दिलेला होता आणि काम सांगितलेलं होतं. एकदा त्या पंपाचं वायसर गेलं, मी बदलायला गेलो, चार बायका बोलत उभ्या होत्या. मुखरूने लांबून व्हिडिओ काढला. कंपनीने तो कोर्टात दिला: बघा, हा हुकूम मोडून लोकांना भडकवतो, याला जेलमध्ये टाका. वायसर बदलल्याबद्दल सात पेशा! त्यानंतर मी त्या पंपाजवळून जातानासुद्धा खाली मान घालून जायचो. आणि घरात बायकोला, मनकर्णाला, सांगून ठेवलं की आपलं पिण्याचं पाणी नाल्याकडच्या जुन्या विहिरीवरून आणायचं. त्या विहिरीचा नमुना चांगला होता.

आणि इथेच, खरं सांगतो, माझं मन मला खातं.

आमच्या शेजारी बुधरी राहते. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला तो तिकडचाच झाला. तिची एकच पोरगी, उर्वशी. दावा लागला तेव्हा चार वर्षांची होती. पंप तिच्या दारापासून वीस पावलांवर. बुधरी रोज बघायची की मनकर्णा दारातला पंप सोडून, डोक्यावर गुंड, म्हणजे पितळेची घागर, घेऊन अर्धा कोस लांब जाते. एक दिवस तिने विचारलंच.

"काऊन वो वहिनी, दारात पाणी असून तिकडं कायले मरता?"

मनकर्णाने माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीवर बसलो होतो. मुखरूच्या घराचं दार उघडं होतं. मी हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"गुडघे धरतेत ना बाई," मनकर्णा म्हणाली. "डाक्टरनं चालाले सांगतलं."

बुधरी हसली. "डोक्यावर गुंड घेऊन चालाले सांगतलं का डाक्टरनं?"

त्या रात्री मनकर्णा जेवली नाही. "मी सांगू का तिले? कानात सांगीन."

"आन् तिनं पंपावर दुसरीले सांगतलं, मंग? मुखरूनं ऐकलं, मंग? घर जप्त होईन आपलं, मनकर्णा."

"घर," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

उर्वशीला माझा लळा होता. दात पडला की आधी मला आणून दाखवायची. "आबाजी, पडला!" मग आम्ही दोघं मिळून तो कवेलूवर फेकायचो आणि तिने चांदीचा दात मागायचा. असे तिचे चार दात मी छपरावर फेकले. त्या जागी नवे यायला लागले, आणि पोरगी एकाएकी दाखवायची बंद झाली. एकदा मनकर्णाने तिला काहीतरी गंमत सांगितली, तशी ती खळखळून हसली आणि मग पटकन तोंडावर हात ठेवला. पण मी पाहिलं होतं. पुढच्या दोन दातांवर पिवळट तपकिरी पट्टे. घासून जाणारे नाहीत ते. कायमचे. अहवालाच्या मागे छापलेलं मी एकोणीस वर्षं वाचत आलो होतो की असं पाणी लहान मुलांनी प्यायलं की काय होतं.

मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घाबरलो. बाकी काही कारण नाही.

तिसऱ्या वर्षी कंपनीचा एक साहेब कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर मला भेटला. फार गोड माणूस. माझ्या चहात साखर कमी आहे का तेही विचारलं. मग स्टँपपेपर काढला. "एक सही, देवरावजी. नजरचुकीने रंग लागला, पाणी पिण्यालायक आहे. बस, एवढंच. आम्ही दावा मागे घेतो, तुम्ही घरी जा."

मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. "फैसला तुमचा," त्या म्हणाल्या. "सही केली तर आजच सुटाल. पण मग हा कागद त्यांच्याकडे राहील."

मी पेन घेतला. तीन वर्षांच्या पेशा कोणाला नको झाल्या नसत्या? मी 'दे' लिहिला. आणि मला बाटलीवरची चिठ्ठी दिसली. ठिकाण, तारीख, सही. एकोणीस वर्षांत मी एका विहिरीचं पाणी दुसरीच्या नावावर खपवलं नव्हतं. 'पाणी पिण्यालायक' याच्या खाली माझं नाव लागलं असतं तर त्या पंपाला पुढे कधीच कोणी लाल रंग देऊ शकलं नसतं. मी पेन खाली ठेवला. साहेबांचा गोडवा तिथेच आटला, चहाचे पैसेही मलाच द्यावे लागले.

लोक म्हणतील, काय बहाद्दर माणूस! बहाद्दर कसला. सही केली नाही, पण तोंडही उघडलं नाही. माझं नाव स्वच्छ राहिलं आणि पोरगी पाणी पीत राहिली.

तर आज दावा खारीज झाला. मॅडमनी निकालाच्या प्रतीचा अर्ज केला, मला सांगितलं की ते तीन हजार जमा झाले की फोन करते. मी गोंडपिपरीला उतरलो आणि सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेलो. एक लिटर लाल ऑइलपेंट आणि दोन इंची ब्रश. दुकानदार म्हणाला, "भाऊ, घरी लग्न आहे का?" मी म्हटलं, "हव, असंच समज."

गाव येईपर्यंत धनराज ग्रामसेवकाचा फोन आलाच. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"अभिनंदन, देवरावभाऊ. पण घाई नका करू. अपिलाची मुदत जाऊ द्या, मंग पाहू. आपल्यावर कायले घेता?"

"अपिलात मनाई आली का मंग तुमी रंगवाल?"

"तसं नाई जी..."

"मंग ठेवा फोन."

चार वाजले असतील. पंपावर बायका होत्या. बुधरी दांडा मारत होती, तिचा गुंड भरत आला होता. उर्वशी ओट्यावर बसली होती. मुखरू समोरच्या लिंबाखाली उभा होता, हातात मोबाईल.

"काय गा भाऊ," बुधरी म्हणाली, "जिंकला म्हणते. गोड करा ना तोंड."

रस्त्याने येताना मी खूप वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही.

"बुधरी, हे पाणी पिऊ नको. पोट्टीले पाजू नको. दात ह्याच्यानंच झाले तिचे. पुढं हाडाले धरते हे."

दांडा थांबला. बाकीच्या बायका जवळ सरकल्या.

"तुमाले कधीपासून मालूम?"

"पयल्यापासून."

"मंग वहिनी," ती हळू बोलत होती, जणू स्वतःशीच हिशेब जुळवत होती, "वहिनी काई गुडघ्यासाठी नवती जात तिकडं."

"नाई."

"मी इचारलं होतं तिले."

"हव. मीच नाई म्हणलो होतो. कोर्टाचं भेव होतं."

मला वाटलं आता ती शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, गुंड अंगावर फेकावा. तिने भरलेला गुंड दोन्ही हातांनी उचलला, ओट्यावर आडवा केला, आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग रिकामा गुंड काखेत घेऊन नाल्याच्या रस्त्याला लागली. बाकीच्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग त्याही निघाल्या. एक म्हातारी तेवढी भरलेली घागर घेऊन घरी गेली. "कोर्टानं सांगतलं होतं चांगलं हाये," ती जाता जाता पुटपुटली.

मी डबा उघडला. मुखरू जवळ आला. मोबाईल वर केला, मग खाली केला.

"भाऊ, ह्याचंच पाणी आमच्याकडंबी येते," तो म्हणाला. "चार साल झाले. मलेबी नाई सांगतलं तुमी."

चार वर्षं मी त्याच्या मोबाईलला घाबरलो आणि त्याची लेकरंही तेच पाणी पीत होती. तो परत लिंबाखाली जाऊन बसला. मोबाईल खिशात होता.

मी खालून सुरुवात केली. आधी खांब, मग तोटी, मग दांडा. निळ्यावर लाल लवकर चढत नाही, दोन हात द्यावे लागले. रंग सारखा बसत होता. एकोणीस वर्षांची सवय आहे. डोक्यापर्यंत आलो. पाटीच्या कडेने ब्रश फिरवला, वर, डावीकडे, खाली, एक थेंब पाटीवर गेला तो धोतराच्या सोग्याने पुसून काढला. पाटी सोडा हां, मॅडम म्हणाल्या होत्या. अपील आहे. मुदत आहे. सगळा पंप लाल आणि मधोमध वीतभर निळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात 'सप्रेम भेट'. मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. काम झालं होतं असं म्हणता आलं असतं.

उर्वशी आईच्या मागे गेली नव्हती. ओट्यावरच बसून इतका वेळ बघत होती, तोंडावर हात ठेवून, हल्ली बसते तशी. ती उठली, पंपाला एक चक्कर मारली, आणि पाटीसमोर येऊन थांबली.

"आबाजी, इथी राह्यलं."

बोलताना तिने तोंडावरचा हात काढला आणि त्याच हाताने पाटी दाखवली. मी तिचे दात पाहिले. या वेळी मान खाली घातली नाही, नीट पाहिले.

"हव गं माय," मी म्हटलं. "राह्यलंच होतं."

आणि मी ब्रश डब्यात बुडवून पाटीवर टेकवला.